चौसष्ट पूर्वेवरचं थोरियम

सोमवार, मुरगाव बंदर

सामान चढवण्यातच दिवस गेला. वीस-वीस लिटरचे कॅन, क्वार्ट्झ फिल्टरांचे डबे, समुद्रात सोडायचे पंप, नायट्रिक आम्ल एका पेटीत आणि अमोनिया तिच्यापासून लांब दुसऱ्या पेटीत. सगळ्यात जड निघाल्या त्या बीटा काउंटरच्या, म्हणजे अणू फुटताना सुटणारे बीटा कण मोजणाऱ्या यंत्राच्या, शिशाच्या विटा. यंत्र तसं छोटं असतं, पण त्याच्याभोवती शिशाची भिंत रचल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. विटा हातोहात गँगवेवरून वर गेल्या.

बोसनकाका, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दापोलीकडचे. त्यांनी एक वीट हातात तोलून विचारलं, "एवढं शिसं कशासाठी, ताई? आतलं बाहेर येऊ नये म्हणून?"

"उलटं आहे, काका. बाहेरचं आत जाऊ नये म्हणून. आम्हाला जे मोजायचंय ते फारच थोडं आहे."

हे बोलणं फेरीभर पुन्हा पुन्हा निघणार हे ठाऊक होतं, कारण "किरणोत्सारी" म्हटलं की ऐकणारा आधी दोन पावलं मागे सरतो. पण आम्ही जे थोरियम शोधायला निघालोय ते कुणी समुद्रात टाकलेलं नाही. समुद्र आहे तेव्हापासून ते त्यात आहेच.

संध्याकाळी पायलट चढला आणि जहाज हललं. जुवारीच्या मुखापलीकडे दोना पावलाचा कडा, तिथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मग दिवे, मग काळोख. आता वायव्येला, ६४ अंश पूर्व रेखांशाकडे.

मंगळवार, वाटेत

फेब्रुवारीतला अरबी समुद्र शांत असतो. ईशान्येचा कोरडा वारा पाठीवर, आभाळ स्वच्छ. प्रयोगशाळेत शिशाची भिंत रचली, आर्गॉन-आयसोब्युटेनचं सिलिंडर भिंतीला आवळून बांधलं, वायूचा प्रवाह सुरू केला आणि रिकामा काउंटर मोजायला लावला. मिनिटाला एकापेक्षा कमी नोंदी आल्या, तरच पुढचं काम. तासाभराने आकडा बसला.

आता ज्यासाठी ही सगळी खटपट, ते थोडं सविस्तर सांगते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेलं असतं. कार्बोनेटशी जोडलं गेल्यामुळे ते पाण्यातच राहतं, कशाला चिकटत नाही. पाणी किती खारट आहे हे कळलं की त्यात युरेनियम किती, हे गणितानेच काढता येतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, ४४७ कोटी वर्षं, म्हणजे आपल्या कामापुरतं ते कधी कमी होतच नाही. त्याच्या विघटनातून थोरियम-२३४ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य मात्र फक्त २४.१ दिवस, आणि स्वभावही अगदी उलटा. थोरियमला पाण्यात राहवत नाही. शेवाळाची पेशी, मेलेल्या प्राण्याचा तुकडा, विष्ठा, धुळीचा कण, जे जवळ सापडेल त्याला ते चिकटतं. कण खाली गेला की थोरियमही त्याच्याबरोबर खाली.

कणच नसते, तर दोघांचा हिशेब बरोबर जुळला असता: लिटरमागे मिनिटाला युरेनियमची सुमारे २.४ विघटनं आणि थोरियमचीही तेवढीच. वरच्या शंभरएक मीटरांत तसं होत नाही, तिथे थोरियम कमी पडतं. शाळेच्या हजेरीसारखंच हे. युरेनियम म्हणजे पटावरची यादी, थोरियम म्हणजे वर्गात बसलेली मुलं. जितकी गैरहजर, तितकी कणांचा हात धरून खाली गेलेली. आणि अर्धायुष्य चोवीस दिवसांचं असल्यामुळे ही गैरहजेरी गेल्या काही आठवड्यांचीच असते.

म्हणून मला हे मोजमाप फार मोलाचं वाटतं. वरच्या पाण्यात सूर्यप्रकाशावर जगणारं शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. त्यातला किती कार्बन तिथल्या तिथेच पुन्हा विरघळतो आणि किती खोल जाऊन दीर्घकाळ हवेपासून दूर राहतो, हा हवामानाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. पण पडणारे कण पडताना धरायचे कसे? खोल समुद्रात गाळ पकडणारे सापळे नांगरून ठेवता येतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हँबुर्ग विद्यापीठाने १९८६ पासून याच समुद्रात ते ठेवले, आणि कणांचा वर्षाव नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी काळांत वाढतो हे दाखवून दिलं. पण वरच्या दोनशे मीटरांत प्रवाह जोरात असतात, प्राणी पोहत सापळ्यात शिरतात, आणि सापळ्याच्या आकड्यावर भरवसा उरत नाही. तिथे थोरियमचाच आधार.

आणि हे काम आपल्या घरचं आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या थोरियम-२३४ आणि युरेनियम-२३८ च्या गुणोत्तरावरचा पायाभूत निबंध १९६९ चा, आणि तो झाला मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. भट, कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, रामा आणि मूर ही त्या निबंधावरची नावं. वरच्या पाण्यात थोरियम युरेनियमपेक्षा कमी असतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि तिथे ही परंपरा वाढली. जगभरच्या जहाजांवर आज जे सर्रास केलं जातं, त्याचं मूळ कुलाब्यात आहे, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

बुधवार, वाटेत

लिहिण्यासारखं फार नाही. कॅन आम्लाने धुतले, त्यांवर नंबर टाकले, रात्री लवकर झोपले.

गुरुवार, १७ उत्तर, ६४ पूर्व

पहाटे जहाज थांबलं. खाली तीन हजार मीटरहून जास्त पाणी. ६४ पूर्वेची ही रेषा भारतीय समुद्रविज्ञानाची जुनी ओळखीची आहे. १९९४-९५ मध्ये समुद्रातल्या कार्बनच्या अभ्यासासाठी 'सागर कन्या' जहाजाने इथे फेऱ्या केल्या, आणि अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी वरच्या शंभर मीटरांतलं थोरियम तेव्हाच मोजलं.

निस्किन बाटल्यांचं रोझेट, म्हणजे हव्या त्या खोलीवर पाणी भरून घेणाऱ्या बाटल्यांची गोल चौकट, खाली गेलं. पडद्यावर तापमान, क्षारता, प्राणवायू यांच्या रेषा उमटत गेल्या. दीडशे मीटरच्या आसपास प्राणवायूची रेषा जी कोसळली, ती जवळजवळ शून्याला टेकली आणि हजारेक मीटरपर्यंत तशीच राहिली. आलेख पुस्तकात कितीदाही पाहिलेला असो, प्रत्यक्ष उमटताना पाहिला की वेगळंच वाटतं. वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य कुजताना खालचा प्राणवायू खाऊन टाकतं. म्हणजे आम्ही जे कण मोजायला आलो, त्यांचीच ही करणी.

रोझेट डेकवर आलं की घाई सुरू होते. प्रत्येक खोलीचं चार-चार लिटर पाणी न गाळता घ्यायचं. त्यात आम्ल टाकायचं, प्रक्रियेत किती थोरियम हातचं गेलं हे नंतर कळावं म्हणून थोरियम-२३० मोजून घालायचं, हलवायचं आणि काही तास ठेवायचं. मग अमोनियाने पाणी आठच्या थोडं वर पीएचला आणायचं. पोटॅशियम परमँगनेटचे थेंब पडले की पाणी गुलाबी होतं. मँगनीज क्लोराइड टाकलं की बघता बघता गुलाबी जातं आणि तपकिरी गढूळपणा येतो. मँगनीज डायऑक्साइडचा हा बारीक साका थोरियम ओढून घेतो, युरेनियम बहुतेक पाण्यातच सोडतो. रात्रभर ठेवून तो साका पंचवीस मिलिमीटरच्या क्वार्ट्झ फिल्टरवर गाळायचा, वाळवायचा, वर मायलार आणि ॲल्युमिनियमची पातळ झाकणं घालून काउंटरमध्ये ठेवायचा.

फिल्टरवर उरतो एक तपकिरी टिळा. चार लिटर पाण्यातलं थोरियम-२३४ त्यात असतं: मिनिटाला जेमतेम दहा विघटनं, अणूंच्या हिशेबात पाच लाखांच्या आत. त्याच पाण्यात युरेनियमचे अणू तीनावर सोळा शून्यं एवढे. पाच लाख अणू कुठल्याही तराजूत दिसणार नाहीत. त्यातला एकेक फुटतो म्हणूनच ते मोजता येतात.

शुक्रवार, तिथेच

आज पंप.

गुरुवारच्या पाण्याने थोरियम एकूण किती कमी आहे ते सांगितलं. पण कार्बन किती खाली गेला हे कळायला दुसरा आकडा लागतो: पडणाऱ्या कणांवर थोरियमच्या एककामागे (मिनिटाला एक विघटन म्हणजे एक एकक) कार्बन किती. तो आकडा बाटलीभर पाण्यातून निघत नाही, त्यासाठी शेकडो लिटर गाळावे लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारे पंपच तारेला ठिकठिकाणी जखडून पाण्यात सोडतात आणि ते आपापल्या खोलीवर चार तास पाणी ओढतात. पाणी आधी ५३ मायक्रॉनच्या जाळीतून जातं, मग एक मायक्रॉनच्या क्वार्ट्झ फिल्टरमधून. जाळीवर मोठे, झपाट्याने बुडणारे कण. खालच्या फिल्टरवर बारीक, बराच काळ तरंगणारे.

तार ताणलेली आणि सरळ हवी. दुसरा तास चालू असताना बोसनकाकांचा आवाज आला, "ताई, वायर तिरकी चाललीय. ब्रिजला सांगा." वारा जहाजाला बाजूला ढकलत होता. तार तिरकी झाली की शंभर मीटरचा पंप शंभर मीटरवर राहत नाही, वर येतो, आणि आपण भलत्याच थराचे कण शंभर मीटरचे म्हणून लिहून बसतो. ब्रिजवरून नाकाकडचा थ्रस्टर चालू केला, तार हळूहळू खाली वळली. काका कठड्याला टेकून शेवटपर्यंत तारेवर नजर ठेवून उभे होते. माझ्या नोंदवहीतल्या प्रत्येक खोलीच्या आकड्यामागे ती नजर आहे.

पंप वर आले. पन्नास मीटरच्या पंपाची जाळी उघडली तर तिच्यावर हिरवट-तपकिरी पातळ लेप. गाळलेल्या समुद्रपाण्याने तो बशीत धुऊन घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कोपेपॉड नावाच्या इवल्या कवचधारी प्राण्यांच्या विष्ठेच्या आखूड नळ्या, डायटम शेवाळाच्या साखळ्या, चिकट श्लेष्मात गुंतलेला चुरा, आणि मध्येच एक अख्खा कोपेपॉड, लाल डोळ्याच्या ठिपक्यासकट. तो चिमट्याने उचलून टाकायचा. तो पोहत आला होता, पडत नव्हता. त्याच्या अंगातला कार्बन आकड्यात मिसळला तर समुद्र आहे त्यापेक्षा जास्त कार्बन पुरतोय असं दिसेल. जहाज थरथरतं, चिमट्याचं टोक दृष्टीच्या वर्तुळात नाचतं, आणि एका जाळीला तासभर सहज जातो. हे काम मी मदतनिसावर सोडत नाही. साऱ्या हिशेबात सर्वांत कच्चा दुवा हाच आहे असं माझं ठाम मत आहे. काउंटरची अचूकता दोन-तीन टक्क्यांपर्यंत नेता येते, पण कणांवरचं कार्बन-थोरियम गुणोत्तर जागेनुसार, खोलीनुसार, कणाच्या आकारानुसार कित्येक पटींनी बदलतं. प्रश्नाचं उत्तर अडलेलं आहे ते जाळीवरच्या लेपापाशी.

शनिवार, उत्तरेकडे

वाटेत १९ उत्तरेचं स्टेशन झालं. तिथल्या नोंदी शुक्रवारसारख्याच. एक चांगली गोष्ट म्हणजे १,५०० मीटरखालचं पाणीही मिळालं. तिथे कण विरळ असतात आणि थोरियम-युरेनियमचा हिशेब जुळतो, म्हणून काउंटर बरोबर सांगतोय का हे त्याच पाण्यावर तपासतात.

रात्री एका विद्यार्थ्याला गणित समजावलं. समजा वरच्या १०० मीटरांत लिटरमागे सरासरी अर्ध्या विघटनाची तूट आहे. घनमीटरला ५००, म्हणजे चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात ५०,००० विघटनं मिनिटाला. थोरियम-२३४ दिवसाला २.८८ टक्के या वेगाने विघटतं, म्हणून तूट टिकवायला रोज सुमारे १,४४० एककं थोरियम खाली जायला हवं. कणांवर दर एककामागे ५ मायक्रोमोल कार्बन असेल, तर दिवसाला ७.२ मिलिमोल, म्हणजे चौरस मीटरमागे साधारण ८६ मिलिग्रॅम कार्बन. गुणोत्तर ५ ऐवजी १० धरलं की उत्तर दुप्पट. पोराने वहीतून मान वर केली आणि म्हणाला, "म्हणून तुम्ही कोपेपॉड वेचत बसता."

सोमवार, २१ उत्तर

सकाळी डेकवर आले तर समुद्राचा रंगच बदललेला. नेहमीच्या निळ्यावर हिरव्या साईचे लांबच लांब पट्टे, वाऱ्याच्या दिशेने ओढल्यासारखे. बादलीने पाणी काढलं तर त्यात खसखशीएवढे हिरवे गोल दाणे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. नॉक्टिल्युका, एकाच पेशीचा जीव. हिच्या पोटात हिरवं शेवाळ वस्तीला असतं, त्यामुळे ती दुसऱ्यांना खातेही आणि प्रकाशावरही जगते. हिवाळ्यात कोरड्या वाऱ्याने इथलं वरचं पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, खालची पोषकद्रव्यं वर येतात, आणि गेली कित्येक वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर अरबी समुद्रात हिचे पट्टे पसरतात. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटांत निळसर उजेड दिसतो, तो बहुतेक वेळा हिचाच.

माझ्यासाठी प्रश्न सरळ होता: एवढी हिरवाई वर आहे, पण खाली किती जातंय? नॉक्टिल्युका तरंगणारी आहे. तिला खाणारे फारसे नाहीत, पण सॅल्प (जेलीसारखे पारदर्शक तरंगते प्राणी) आणि जेलीफिश खातात, आणि सॅल्पची विष्ठा भराभर बुडते. वर दिसणाऱ्या हिरव्या रंगावरून खालचा हिशेब करता येणार नाही. पंप टाकावेच लागणार.

वीस मीटरचा पंप तासाभरातच तुंबला. जाळीवर हिरवा चिखल बसला आणि प्रवाह थांबला. साठ आणि शंभर मीटरचे मात्र पूर्ण चालले. शंभर मीटरच्या जाळीवर नॉक्टिल्युका फार थोडी होती, पण सॅल्पच्या विष्ठेचे चपटे तपकिरी तुकडे बरेच. वर जे दिसतं आणि खाली जे पोचतं ते एकच नसतं, याचा पुरावा बशीत समोर होता. एका जाळीवरून निष्कर्ष काढायचा नाही, हेही खरं. पण मी त्या बशीचे फोटो काढत राहिले.

मंगळवार, तिथेच

आज पोलोनियमसाठी पाणी. इथेही निसर्गाचीच साखळी आहे. जमिनीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो, हवेत त्याचं शिसे-२१० होतं, ते धुळीला चिकटून समुद्रावर पडतं. या दिवसांत वारा जमिनीकडूनच येतो. शिसे-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षं. त्यातून पुढे होणाऱ्या पोलोनियम-२१० चं १३८ दिवस. शिसं कणाच्या पृष्ठभागावर बसतं, पोलोनियम पेशीच्या आत शिरून प्रथिनांत सामावतं. म्हणून पोलोनियमची तूट सेंद्रिय द्रव्याच्या जास्त जवळची असते, आणि थोरियम आठवड्यांचं सांगतं तिथे ही महिन्यांचं सांगते. एकाच जागी दोन्ही मोजली की दोन वेगवेगळ्या लांबीचे काळ हाती येतात. पाणी आम्लात घेऊन लोहाच्या साक्यात पोलोनियम उतरवून ठेवलं. ते चांदीच्या चकतीवर बसवून अल्फा मोजणी करायचं काम किनाऱ्यावर. तेही लवकर, कारण थांबलं की शिशातून नवं पोलोनियम तयार होत राहतं.

जेवणाच्या वेळी गॅलीतल्या एका मुलाने भीत भीत विचारलं, "मॅडम, हे पाणी किरणोत्सारी, मग आम्ही मासे खातो ते?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर टाळू नये. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सेकंदाला सुमारे बारा विघटनं एकट्या पोटॅशियम-४० ची होतात. युरेनियमची त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी. माशात पोलोनियम असतंच, आणि मासे खाणाऱ्यांना अन्नातून मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराचा मोठा वाटा त्याचा. माणूस हजारो वर्षं ते खात आलाय. मी त्याला एवढंच सांगितलं आणि ताटातली सुरमई संपवली.

बुधवार, तिथेच

पंपांची आणखी एक फेरी हवी होती, पण जहाजाचा वेळ सगळ्यांना वाटून जातो. मुख्य शास्त्रज्ञांच्या केबिनमध्ये अर्धा तास बोलणं झालं. माझं म्हणणं असं: थोरियमच्या साध्या गणितात समुद्र काही आठवडे एकाच स्थितीत आहे असं गृहीत धरावं लागतं. बहर उमलताना आणि ओसरताना ते खरं नसतं. तूट वाढतेय की भरून निघतेय हे कळल्याशिवाय उत्तर अर्धवटच. सरांना ते पटलं, आणि रात्रीचे पाच तास मिळाले. पहाटे निघालो तेव्हा सगळ्या खोल्यांच्या जाळ्या थंड पेटीत होत्या.

शनिवार, मुरगाव

दुपारी धक्क्याला लागलो. काउंटर परतीच्या वाटेवरही चालूच होता. पहिल्या मोजण्यांत २१ उत्तरेची तूट १७ पेक्षा स्पष्ट जास्त दिसते, आणि ती ऐंशीएक मीटरखाली भरून यायला लागते. पण हे कच्चे आकडे आहेत. साक्यात दुसरी बीटा सोडणारी द्रव्यंही अडकलेली असतात. साडेपाच महिन्यांत थोरियमची सात अर्धायुष्यं होतील, त्यात मूळचं एक टक्काही उरणार नाही. तेव्हा तेच टिळे पुन्हा मोजायचे आणि उरलेला आकडा आजच्यातून वजा करायचा. जाळ्यांवरचे कण आम्लाच्या वाफेत ठेवून शिंपल्या-चुन्याचा कार्बन काढायचा, मग सेंद्रिय कार्बन मोजायचा.

शिशाच्या विटा उतरवताना बोसनकाकांनी विचारलं, पुन्हा कधी. मार्चअखेरच्या फेरीसाठी अर्ज तयार आहे: २१ उत्तर, ६४ पूर्व, तीच खोली, तेच पंप, या वेळी वीस मीटरला जास्त रुंद जाळी, आणि सलग दोन रात्री.